सोमवारी ये

सात रस्ता, सोलापूर
२२ मे २०२५

काव्या बाळ,

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तुझं पत्र पाडव्याच्या सुमाराला आलं होतं. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग चष्मा मिळेपर्यंत थांबलो, चष्मा आला तर पेन सापडेना. ही सगळी कारणं खरी आहेत, पण खरं कारण निराळंच आहे. मला तुला लिहायची भीती वाटते. मी सातवी नापास, तू एवढी शिकलेली. जोडाक्षर चुकलं तर तू हसशील असं वाटतं. फोनवर बोलावं तर निम्मं ऐकू येत नाही आणि ऐकू आलेलं फोन ठेवला की विसरतो. पत्र तरी पुन्हा वाचता येतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. गेल्या सोमवारी मला आपल्या कॉलेजातून बोलावणं आलं. आपलं म्हणजे जिथं मी एकोणचाळीस वर्षं शिपाई होतो ते. मी घाबरलो. वाटलं पेन्शनमधे काही घोटाळा निघाला. रात्रभर सगळे कागद काढून बसलो. पण प्राचार्य बिराजदार मॅडमनी स्वतः खुर्ची पुढं केली. ही बाई एकोणनव्वद साली माझ्या घंटेवर वर्गात पळायची.

"तिप्पण्णा मामा, बसा की," म्हणाल्या. "बीएच्या पहिल्या वर्षाला गेल्या साली किती पोरं होती माहीत हाय का? बावीस. ऐंशीच्या तुकडीत बावीस."

मी म्हटलं, "मॅडम, बावीस पोरं तर पूर्वी सहा नंबर खोलीच्या खिडकीत बसायची."

त्या हसल्या आणि मग त्यांनी खणातला एक कागद पुढं ठेवला. संस्थेनं त्यांना लेखी दिलंय. एकतीस जुलैपर्यंत तीस प्रवेश पुरे झाले नाहीत, तर पहिल्या वर्षाची तुकडी बंद. जी पोरं आली असतील ती दुसऱ्या कॉलेजात पाठवायची आणि खोली नंबर सहाला कुलूप. म्हणून मॅडम जुन्या माणसांना एकेक करून विचारतायत की तुमच्या वेळी पोरं कशी यायची आणि कशी टिकायची.

काव्या, त्या खोलीचं कुलूप मी एकोणचाळीस वर्षं रोज सकाळी उघडलंय. ते आता कायमचं लागलं, तर मी जन्मभर काय केलं असं कुणी विचारल्यावर मला दाखवायला काही उरत नाही. मला झोप लागत नाही.

तुझी आई मल्लव्वा सांगत होती, तू तिकडं युनिव्हर्सिटीत ॲडमिशनच्याच खात्यात आहेस. तुम्ही नेमकं काय करता ते सोपं करून लिही. मी मॅडमना वाचून दाखवीन.

तुझा
तिप्पण्णा अज्जा

---

पुणे
३० मे २०२५

प्रिय अज्जा,

एकही जोडाक्षर चुकलेलं नाही. उगाच घाबरता. आमच्या ऑफिसात एमबीए झालेली माणसं तुमच्याहून वाईट लिहितात.

आम्ही काय करतो ते सांगते. आम्ही मुलं मोजत नाही, गळती मोजतो. समजा शंभर जणांनी चौकशी केली. त्यातले साठ फॉर्म भरतात, चाळीस कागद आणून देतात, पंचवीस फी भरतात आणि वर्गात वीस येतात. दिवाळीनंतर सतरा. तर मूल कुठल्या पायरीवर गळतं ते शोधायचं आणि त्या पायरीवर आपला माणूस उभा करायचा. कुणाला कागद मिळत नाहीत, कुणाच्या घरातून नको म्हणतात, कुणाला बस नाही. प्रत्येकाचं निराळं. या सगळ्याला आमच्याकडं एक लांबलचक इंग्रजी नाव आहे आणि त्या नावाचा मला पगार मिळतो.

मॅडमना सांगा, नवी मुलं शोधण्याआधी गेल्या वर्षी ज्यांनी फॉर्म नेला आणि परत आणला नाही त्यांची यादी काढा. तिथून सुरुवात करा.

आता तुमचं सांगा. आई म्हणते, तुमच्याकडं एका बिस्किटाच्या डब्यात काहीतरी असायचं आणि त्यानं मुलं परत यायची. ते काय होतं? कुठल्या गावांना जायचात, घरात कुणाशी बोलायचात, काय बोलायचात, सगळं लिहा. मला कामाला येईल.

अजून एक. मागच्या वेळी होटगीला घरी आले होते, तेव्हा ट्रंकेतून माझे कागद काढताना आईचं बारावीचं मार्कलिस्ट माझ्या फायलीत आलं. एकसष्ट टक्के, आणि तेही त्या काळात! आई शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही, मग पुढं का शिकली नाही? मी विचारलं की ती भाकरी उलटते आणि विषय बदलते. तुम्ही तर तेव्हा त्याच कॉलेजात होतात.

तुमची
काव्या

---

सात रस्ता, सोलापूर
९ जून २०२५

काव्या बाळ,

तुझं पत्र मॅडमना वाचून दाखवलं. त्यांनी लगेच गेल्या वर्षीची यादी काढली. एकतीस जणांनी फॉर्म नेले आणि परत आणले नाहीत. मॅडम कपाळाला हात लावून बसल्या.

आता डब्याचं सांगतो. ही युक्ती माझी, कुणा साहेबाची नव्हे, म्हणून जरा ऐटीत लिहितो.

चौऱ्याहत्तर साली कुंभारीचा संगप्पा म्हणून एक पोरगा होता. दिवाळीनंतर तो यायचा बंद झाला. ऑफिसनं त्याच्या घरी टाइप केलेलं इंग्रजी पत्र पाठवलं, खाली गोल शिक्का. बापाला वाटलं कोर्टाचं समन्स आलं. त्यानं पोराला रातोरात मामाच्या गावाला लपवलं. मी सायकलवर कुंभारीला गेलो तेव्हा म्हातारा हात जोडून म्हणतो, "आमच्या पोरानं कुणाचं काय बी चोरलं न्हाय हो."

मी परत येताना सगळ्या वाटेनं विचार केला. पुढच्या जूनमधे पोस्टातून कोरी कार्डं आणली, संगप्पालाही पुन्हा नाव घालायला लावलं. ॲडमिशनला आलेल्या प्रत्येक पोराला सांगितलं की कार्डाच्या एका बाजूला तुझ्या घरचा पत्ता तुझ्या हातानं लिही. पाठ कोरी ठेव. ती कार्डं बिस्किटाच्या डब्यात. पोर आठ दिवस दिसलं नाही की त्याचं कार्ड काढायचं आणि कोऱ्या पाठीवर माझ्या हातानं लिहायचं:

"तुझं नाव पुसलेलं नाही. बाकावर जागा आहे. सोमवारी ये."

बास. एवढंच. पत्ता पोराच्या अक्षरात असल्यामुळं घरचे घाबरत नसत. वाचता न येणारा बापसुद्धा पोस्टमनला विचारायचा, "हे आमच्या पोरानंच लिवलंय व्हय?" आणि कार्ड उघडं, म्हणून पोस्टमन वाचणार, दुकानदार वाचणार. कॉलेज आमच्या पोराला बोलावतंय हे गावाला कळायचं. मग पाठवलं नाही तर बापाला चारचौघांत बरं वाटायचं नाही.

सोमवारच का, असं मॅडमनी विचारलं. मधल्या वारी पोर आलं की सगळा वर्ग वळून बघतो. सोमवारी सगळेच नव्यानं आल्यासारखे असतात, त्यात ते खपून जातं. मी फाटकात उभा राहायचो. कुठं होतास असं कधी विचारलं नाही. "पाणी भरलंय, पिऊन वर जा," एवढंच म्हणायचो.

सांगोल्याकडचा बिरुदेव म्हणून एक मेंढपाळाचा पोरगा होता. म्हणाला, "मामा, आमाला घर कुटं हाय? मेंढरं जातील तितं आमी." मी म्हटलं, लिही तरी काहीतरी. त्यानं लिहिलं, बिरुदेव, सांगोल्याचा बाजार, घोंगडीवाल्यांची रांग, शेवटून तिसरा. आम्ही सगळे हसलो. माघात त्याचं कार्ड टाकलं आणि पुढच्या सोमवारी बिरुदेव फाटकात हजर. खांद्यावर घोंगडी, हातात कार्ड. तो पुढं मास्तर झाला.

गावं म्हणशील तर कुंभारी, वळसंग, होटगी, तिलाटी, मंद्रूप. होटगीच्या गाडीला पोरं दारात लोंबकळत यायची. गाडीला उशीर झाला की मी घंटा दोन मिनिटं उशिरा द्यायचो. सरांना वाटायचं माझं घड्याळ बिघडलंय. अक्कलकोटच्या बाजूला गेलं की कन्नड बोलायचं. दारात पाय ठेवण्याआधी 'ऊट आयता' विचारायचं, जेवण झालं का म्हणून. बापाशी कट्ट्यावर बोलायचं नाही, लोकांदेखत तो नाहीच म्हणणार. आजीशी बोलायचं. आजी हो म्हणाली की घर हो म्हणतं.

ज्यांना कार्ड टाकायची वेळच आली नाही, त्यांना तिसऱ्या वर्षाच्या निरोपाच्या दिवशी ते परत द्यायचो. पोरं ते बक्षिसासारखं जपून न्यायची. मी रिटायर झालो तेव्हा डबा रिकामा झाला. एक कार्ड राहिलंय फक्त.

या वर्षी मॅडम पुन्हा कार्डं सुरू करणार. मला म्हणाल्या, "मामा, फाटकात तुमीच उभं ऱ्हायचं." माझे गुडघे दुखतात, पण मी हो म्हटलं.

तिप्पण्णा अज्जा

---

पुणे
१७ जून २०२५

प्रिय अज्जा,

मी तुमचं पत्र ऑफिसच्या मीटिंगमधे वाचून दाखवलं! आमच्या मोठ्या साहेबांना मराठी येत नाही, त्यांना हिंदीत समजावलं. सोमवारचं कारण सांगितलं तेव्हा सगळ्यांनी ते लिहून घेतलं. साहेब म्हणाले, हे आपल्याला तीन वर्षं काम करून सुचलं नव्हतं. माझं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या. खरं तर त्या टाळ्या तुमच्या होत्या.

फाटकातलं ऐकून मात्र मला कसंतरी झालं. आमच्या फाटकात मशीन आहे. ते मुलाचा अंगठा घेतं आणि दार उघडतं.

आता आकडा कळवा. किती झाले? आणि आईबद्दल विचारलेलं तुम्ही सरळ गाळलंत. ते उरलेलं एक कार्ड कुणाचं तेही लिहिलं नाहीत.

काव्या

---

सात रस्ता, सोलापूर
७ जुलै २०२५

काव्या बाळ,

तुझ्या टाळ्यांचं वाचून ऊर भरून आला. शेजारच्या गिरमल्लला पत्र दाखवलं, त्यानं वाचायच्या आधीच मी तोंडी सांगून टाकलं.

पण आज मी फार अस्वस्थ आहे.

आकडा सतरा झाला होता. शिवाय मॅडमच्या वहीत पेन्सिलनं नऊ नावं होती, म्हणजे घरचे तयार, फक्त कागद यायचे. कुंभारीची रुपाली त्यातलीच. तुला मागं लिहिलं तो समन्सवाला संगप्पा, त्याची नात. काल मी एस्टीनं कुंभारीला गेलो. म्हटलं कागद हातोहात घेऊन येऊ. संगप्पा ओट्यावर बसला होता. मला बघून मोठ्यानं म्हणतो,

"या मामा, या! लई सुधारला की तुमी. आता रंगीत कार्ड काढता व्हय?"

मला काही कळेना. त्यानं आत हाक मारली, पोरीनं कार्ड आणून दिलं. जाड, गुळगुळीत, सोनेरी कडा. पत्ता छापलेलाच, पण हातानं लिहिल्यासारखा वाकडातिकडा छापलेला. पाठीवर मजकूर, 'तुझं नाव पुसलेलं नाही. बाकावर जागा आहे. सोमवारी ये.' माझाच. काना-मात्रेसकट. खाली तुमच्या युनिव्हर्सिटीचं नाव आणि होटगी रोडला नवीन केंद्र निघालंय त्याचा पत्ता. बस फुकट.

मी म्हटलं, "संगप्पा, हे कार्ड माझं न्हाय."

तो म्हणाला, "असं कसं? शब्द तुमचंच हायत की. माझ्या कार्डावर हेच व्हतं. म्हणून तर मी पोरीला म्हणालो, जा बिनधास्त. मामाचं कॉलेज हाय."

काव्या, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तो पोरीला दुसरीकडं पाठवतोय. कुंभारीत पाच घरी ती कार्डं आलीत, वळसंगात चार. होटगीतही आलीत. वहीतली नऊच्या नऊ नावं गेली. मॅडमनी खोडरबर घेतलं तेव्हा मला तिथं थांबवेना.

तुला एक विनंती. तुमच्या ऑफिसात कुणीतरी चोर आहे. तू माझं पत्र टेबलावर ठेवलं असशील आणि त्यानं उतरून घेतलं असेल. तू भोळी आहेस. कोण आहे ते शोध आणि साहेबाला सांग. आणि खणाला कुलूप लावत जा.

मल्लव्वाचं आणि कार्डाचं पुन्हा कधीतरी लिहीन. आज नको.

तिप्पण्णा अज्जा

---

पुणे
१२ जुलै २०२५

अज्जा,

कुणी चोरलं नाही. मी दिलं.

गावांची नावं मी तुमच्या पत्रातून काढली. आजीशी बोला, कन्नडमधून बोला, हे सगळं मी कागदावर मुद्दे करून साहेबांना दिलं. तुमची ती तीन वाक्यंसुद्धा मी बदलू दिली नाहीत. त्यांना काहीतरी इंग्रजी घालायचं होतं, मी म्हटलं नको, असंच राहू दे. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटत होता.

सोलापूरला केंद्र निघणार हे मला एप्रिलपासून माहीत होतं. तुम्हाला गावं विचारली तेव्हाही माहीत होतं. मी स्वतःला सांगत होते की मुलं कुठंतरी शिकतीलच, त्यात काय. तुमची नऊ नावं कुठून येणार याचा विचार मी केला नाही. खरं सांगायचं तर विचार आला होता आणि मी तो बाजूला ठेवला.

तुम्ही लिहिलंत, तू भोळी आहेस. ते वाक्य मी पुन्हा वाचू शकले नाही.

काव्या

---

पुणे
१७ जुलै २०२५

अज्जा,

तुमचं उत्तर नाही. येणार नाही असंही असेल.

मी तीन गोष्टी केल्या आहेत. साहेबांना सांगितलं की दक्षिण सोलापुरातली कार्डं थांबवा. ते हसले. म्हणाले, सगळ्यात जास्त तिथूनच येतायत. मग मी रुपालीला माझ्या हातानं पत्र लिहिलं. इकडं जा, तिकडं जाऊ नको, असं काही लिहिलं नाही. फक्त कार्डावर जे छापलेलं नाही ते लिहिलं. बस पहिल्या वर्षीच फुकट आहे, आणि दुसऱ्या वर्षापासून फी किती होते तो आकडा. कुंभारी-वळसंगच्या बाकीच्या आठ जणांनाही, आमच्या यादीतून पत्ते काढून, तेच लिहिलं. हे ऑफिसात कळलं तर माझं काय होईल ठाऊक नाही. तिसरी गोष्ट अजून व्हायची आहे. सोमवारी मी स्वतःच साहेबांना हे सांगणार आहे.

आईला यातलं काही सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका. पण मला रागावून तरी दोन ओळी लिहा.

काव्या

---

सात रस्ता, सोलापूर
२२ जुलै २०२५

काव्या बाळ,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पहिलं पत्र वाचलं त्या दिवशी जेवलो नाही. तुला काय काय लिहायचं ते मनात जुळवलं आणि लिहायला पाट घेऊन बसलो. पत्राखाली काहीतरी टणक हवं म्हणून बिस्किटाचा डबा ओढला. त्यात ते एक कार्ड वाजलं. मग मला तुझ्यावर रागावता येईना.

ते कार्ड तुझ्या आईचं आहे.

त्र्याण्णव साली मल्लव्वा आपल्या कॉलेजात आली. माझ्या धाकट्या भावाची, गुरुबसप्पाची, पोरगी. मी तिचा थोरला चुलता, म्हणून दोडप्पा. खोली नंबर सहा, तिसरा बाक, खिडकीकडची जागा. डब्यासमोर उभं राहून तिनं पत्ता लिहिला, तोही दोनदा फुंकर मारून वाळवला. दिवाळीनंतर ती आली नाही. आठ दिवस झाले, मी कार्ड काढलं. त्याच संध्याकाळी गुरुबसप्पा माझ्याकडं आला. म्हणाला, "आण्णा, जगाला टाक, पण तेवढं एक कार्ड टाकू नगंस. पाव्हणं बघून गेल्यात. कार्ड आलं की पोरगी रडणार, गावभर बोभाटा व्हणार."

मी दुसऱ्यांच्या बापांना समजावायला दहा-दहा मैल सायकल मारली. सख्खा भाऊ माझ्या घरात येऊन बसला होता, त्याला मी एक वाक्य बोललो नाही. "बरं," म्हणालो आणि कार्ड परत डब्यात ठेवलं. तुझा बाप शरणप्पा देवमाणूस आहे, तिचा संसार चांगला झाला, हे सगळं मी स्वतःला एकतीस वर्षं सांगत आलोय. तूही स्वतःला असंच काहीतरी सांगत होतीस असं लिहिलंस. ते मला नीट कळलं.

मागच्या बुधवारी मी ते कार्ड घेऊन पोस्टात गेलो. कार्ड पंधरा पैशाचं, आता पन्नास लागतात. खिडकीवरची मुलगी म्हणाली, आजोबा, हे म्युझियममधे द्या. मी रुपयाचं तिकीट चिकटवलं, उरलेले पैसे सरकारला सोडले. पाठीवर तेच लिहिलं, जे तेव्हा लिहायला हवं होतं. पत्ता तिच्या माहेरचा, पण सासरही होटगीतच, पोस्टमन नाव बघून देईल म्हटलं. मग चार दिवस तेच तेच मनात. कार्ड हरवलं तर? शरणप्पाच्या हाती पडलं आणि त्याला वाईट वाटलं तर? तिनं वाचून चुलीत घातलं तर?

काल सोमवार होता. मी फाटकात उभा होतो. होटगीची गाडी येऊन गेली, पोरं आली, घंटा झाली. मी आत वळणार, तेवढ्यात मल्लव्वा आली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कार्ड. मागं तिच्या बचत गटातली गिरिजाबाई.

तोंडातून सवयीनं निघालं, "पाणी भरलंय, पिऊन वर जा."

ती म्हणाली, "पितो की. पण दोडप्पा, सोलापूर ते होटगी कार्डाला एकतीस वर्षं लागत्यात व्हय? लई घोळ हाय बघा पोस्टाचा."

ऑफिसात धनाजी क्लार्क फॉर्म भरत होता. शिक्षणात मधे खंड पडला असेल तर किती आणि का, असा रकाना असतो. त्यानं विचारलं, "खंड किती?"

"एकतीस वर्षं," मल्लव्वा म्हणाली.

"कारण?"

मी मधेच बोललो. "लिही, शिपायानं कार्ड टाकलं न्हाय."

धनाजी खरंच तसं लिहायला लागला. मल्लव्वानं फॉर्मवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "घरगुती लिवा हो. दोडप्पा आमच्या घरातलेच हायत."

जिन्यावर चढताना ती मला हळू म्हणाली, "त्या साली मी रोज दारात बसायची, दोडप्पा. पोस्टमन दिसला की उठायची. पुढच्या घरी गेला की बसायची. मला वाटलं, बाकीच्यांची नावं ठेवली आणि माझंच पुसलं." एवढं बोलून ती वर गेली. मी कठड्याला धरून एकेक पायरी चढलो. नंतर डोकावून बघितलं तर ती तिसऱ्या बाकावर, खिडकीकडं. गिरिजाबाई तिला म्हणत होती, "सरक की गं जरा, जागा काय एकटीनं आयुष्यभर धरून ठेवलीस व्हय?" आणि वर्गातल्या पोरी हसत होत्या.

आता आकडा. मधे मॅडमच्या जुन्या यादीतले पाच जण आले, आणि तुझी पत्रं पोचल्यापासून त्या नवांतली चार घरं परत आली. गिरिजाबाई धरून पुरे झालेले प्रवेश सत्तावीस. रुपालीचा आजा म्हणतो, "त्या पोरीनं आकडा लिवला म्हणून वाचलो, पण चार दिवस द्या." म्हणजे ती आली तर अठ्ठावीस. मल्लव्वा एकोणतीस. तरीही एक कमी पडतो आणि दिवस नऊ राहिलेत. मी आजपासून मंद्रूपकडं जाणार आहे. गुडघ्याला पट्टा बांधलाय. मिळेल की नाही या विचारानं जेवण जात नाही.

पण मल्लव्वाचा फॉर्म अडकलाय. कॉलेज सोडल्याचा दाखला इथल्याच कपाटात निघाला. बारावीचं मार्कलिस्ट मात्र तुझ्या फायलीत आहे. तुला फोन करायला तिनं मला बंदी केलीय. म्हणते, "काव्याला आत्ताच नगा सांगू, हसंल ती. नाव पक्कं झालं की मीच सांगतो." म्हणून हे पत्र. दुसऱ्याचं ऐकून एकदा गप्प बसलो ते पुरे झालं, आता बसणार नाही. मार्कलिस्ट आजच्या आज स्पीड पोस्टनं टाक. किंवा सुट्टी मिळत असेल तर घेऊनच ये. एकतीसच्या आत हवं.

तुझ्या साहेबानं काल काय म्हटलं? नोकरी राहिली का गेली? गेली असेल तर घाबरू नको, राहिली असेल तरी त्या कार्डांचं काय ठरलं ते कळव. तुझं पहिलं पत्र मी फाडलेलं नाही. ते डब्यात ठेवलंय, कारण डबा आता रिकामा आहे.

सोबत एक कोरं कार्ड घातलंय. पत्ता माझा, माझ्या हातचा. माझं शाळेत जायचं बंद झालं तेव्हा असलं कार्ड पाठवणारं कुणी नव्हतं आणि मी दुसऱ्यांची हजारो लिहून घेतली, स्वतःचं कधी केलं नव्हतं. हे पहिलंच. पाठ कोरी आहे. दोन ओळी लिही आणि लगेच पेटीत टाक. मी रोज अकरा वाजता दारात बसतो, तेव्हा पोस्टमन येतो.

तुझा
तिप्पण्णा अज्जा